परतीचा डाव

घड्याळवालीने दुपारी दोन वाजता दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, हत्यारांची पेटी काखेत मारली आणि जिन्यातून वर तोंड करून हाक दिली, "बाबा, मी क्लबात जाऊन येते. औषध घ्या वेळेवर."

वरून उत्तर आलं नाही. 'क्लब' हा शब्द कानावर पडला की तिच्या वडिलांना ऐकू येणं बंद व्हायचं. तिला त्याची सवय होती.

बाई मोठी ताठ होती. वय बेचाळीस, डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या भुवईखाली कायमचा वळ उमटलेला, आणि नाकावर माशी बसू देणार नाही असा स्वभाव. शहरातलं कुठलंही मुकं घड्याळ तिच्या हाती दिलं की बोलायला लागायचं. "माझ्या हातचं काम परत आलं तर दुकान बंद करीन," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, आणि आजवर तशी पाळी आलेली नव्हती. बुद्धिबळातही तेच. दुकानाच्या काउंटरवर पट कायम मांडलेला असायचा. दुरुस्त झालेलं घड्याळ न्यायला आलेल्या माणसाला ती आधी एका डावाला बसवायची, हरवायची, आणि मगच घड्याळ हातात ठेवायची. लोक कुरकुरायचे, पण यायचे तिच्याकडेच.

एवढी खेळणारी बाई बुद्धिबळाच्या क्लबात मात्र कधी गेली नव्हती. कारण 'तो डाव'.

चाळीस वर्षांपूर्वी त्या क्लबात अंतिम सामना झाला होता. पांढऱ्याने खेळत होते तिचे वडील, तेव्हाचे तरुण घड्याळजी. काळ्याने खेळत होते शहरातले एक नामांकित वकील. डाव वडिलांच्या बाजूने झुकलेला. वकिलांनी बराच वेळ विचार केला आणि आपला वजीर उचलून सरळ पांढऱ्याच्या प्याद्यांच्या घोळक्यात नेऊन ठेवला. फुकटात. याने मारला तर मात, त्याने मारला तर मात, नाही मारला तरी मात. बघणाऱ्यांनी म्हणे श्वास रोखले. वडिलांनी काही मिनिटं पटाकडे पाहिलं, मग आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला. तो हात घेणारं पलीकडे कोणी नव्हतं. वकील खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

असा डाव प्रसिद्ध व्हायला किती वेळ लागतो? देशोदेशीच्या मासिकांत छापून आला, पुस्तकांत गेला. आयुष्यातली सर्वांत सुंदर खेळी खेळली आणि आनंदाने छाती फुटून गेला, असं लोक डोळे पुसत सांगायचे. आणि दर वेळी खाली बारीक अक्षरांत हरणाऱ्याचं नाव असायचं. वडिलांनी त्यानंतर सोंगटीला हात लावला नाही.

पण घड्याळवालीला एक गोष्ट ठाऊक होती. सोळा वर्षांची असताना तिने तो डाव पुस्तकातून काढून मांडला होता आणि तीन दिवस डोकं खाजवून त्या खेळीला उत्तर शोधलं होतं. वजिराकडे बघायचंच नाही. उंट एक घर मागे घ्यायचा, बस्स. मात होत नाही, उलट काळ्याचंच पितळ उघडं पडतं. बाकीच्यांना हे कसं दिसलं नाही म्हणाल, तर ज्या खेळीची एकदा गोष्ट झाली ती खेळी कोणी तपासत नाही. ती नाचत वडिलांना दाखवायला गेली. वडिलांनी पट पाहिला, तिने मागे घेतलेला उंट पाहिला, आणि एका फटक्यात पट सोंगट्यांसकट जमिनीवर उडवून दिला. "पुन्हा ही खेळी कुठे मांडायची नाही. कळलं?" आयुष्यात एवढा आवाज त्यांनी एकदाच चढवला.

आता येत्या रविवारी त्या डावाला चाळीस वर्षं होत होती. क्लबाने पितळी पाटी करून घेतली होती. वर विजेत्याचं नाव, खाली हरणाऱ्याचं. तिचे वडील अठ्ठ्याहत्तरचे, छातीचे दुखणेकरी. ही हार एकदा पितळेत कोरली गेली की त्यांच्यामागे तेवढीच उरणार, या विचाराने ती आठवडाभर धुमसत होती. आणि नेमकं क्लबाचं बोलावणं आलं: त्या डावाचं घड्याळ बंद पडलंय, समारंभात ते टिकटिकलं पाहिजे. ती पटकन हो म्हणाली. आपण तिथे फक्त घड्याळ दुरुस्त करायला जातोय, असं तिने स्वतःला सांगितलं. खोटं बोलायला स्वतःइतकं सोयीचं गिऱ्हाईक दुसरं नसतं.

क्लब एका कापडाच्या दुकानावर, लाकडी जिन्याने वर. लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला चार खिडक्या, दहा-बारा टेबलं. उन्हाचे चौकोन जमिनीवर पडलेले. आत घोटून घोटून गुळगुळीत झालेल्या लाकडाचा आणि जुन्या कागदांचा वास. टोकाला एका टेबलावर काचेची पेटी, आणि पेटीत तो पट, शेवटची सोंगटी जिथे होती तिथेच.

"या ताई," चिटणीस अवघडून म्हणाले. सत्तरीला टेकलेला, गळ्यात चष्मा लटकवलेला भला गृहस्थ. "तुम्हालाच बोलवावं लागलं. दुसरा कोणी हे काम घेईना."

"दुसऱ्या कोणाला येतच नाही हे काम, काका."

"ते आहेच म्हणा." ते हसले. "वडील येतील का हो रविवारी? त्यांचाही सत्कार आहे."

"हरल्याबद्दल?"

 चिटणीसांनी किल्लीने पेटी उघडली, काचेचं झाकण दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. "मी छापखान्यातून पत्रिका घेऊन येतो. तासभर लागेल. फक्त सोंगट्यांना हात लावू नका. आणि घड्याळाचे काटे काम झाल्यावर होते तिथेच आणून ठेवा. वडिलांची चार मिनिटं उरलेली, वकिलांची एकवीस."

त्यांची पावलं जिना उतरून गेली. ती एकटी राहिली.

घड्याळ म्हणजे एका लाकडी खोक्यात दोन तबकड्या आणि वर दोन खटके. आपली खेळी झाली की आपल्या बाजूचा खटका दाबायचा. आपलं घड्याळ थांबतं, समोरच्याचं सुरू होतं. तिने मागची पट्टी उघडली, भिंग लावलं. काही बिघडलेलं नव्हतं. तेल वाळून चिकट झालं होतं आणि एका चक्राच्या दात्यात धागा अडकला होता. लोकरीचा, काळा, कोटाच्या बाहीचा असतो तसा. चिमट्याने तो काढून तिने टेबलाच्या कडेला ठेवला, चाकं पुसली, नवं तेल दिलं, चावी भरली. अर्ध्या तासाचं काम.

आता चाचणी घ्यायची होती. खटका नुसता दाबूनही चाचणी झाली असती. पण पट समोर होता, पांढऱ्याची चाल होती, आणि सव्वीस वर्षं तिच्या बोटांत एकच चाल अडकून पडली होती. आधी खेळी आणि मग खटका, ही खेळणाऱ्याची सवय. तिने उंट उचलला, एक घर मागे ठेवला आणि त्याच हाताने खटका दाबला.

वकिलांचं घड्याळ चालू लागलं. स्वच्छ, खणखणीत टिकटिक. तिला फार बरं वाटलं. "बघा," ती रिकाम्या खोलीला म्हणाली, "हे उत्तर होतं. याला हार म्हणता?"

ती पेटीत हत्यारं ठेवायला वळली. एक पेचकस, दुसरा पेचकस, तेलाची कुपी...

खट्.

तिने वळून पाहिलं. वकिलांच्या बाजूचा खटका खाली गेला होता. वडिलांचं घड्याळ चालू होतं.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, खटका सैल असेल. हिने तसं म्हणणं शक्य नव्हतं. तिने आत्ताच तो स्वतः तपासला होता, आणि तिच्या हातचा खटका आपोआप पडत नसतो. भुतावर विश्वास ठेवणं तिला त्यापेक्षा सोपं होतं. तिने पटाकडे पाहिलं. काळा हत्ती दोन घरं सरकला होता.

रस्त्यावरचा आवाज कधी थांबला ते तिला कळलं नाही. मघापर्यंत खाली कोणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, कापडाच्या दुकानातला माणूस मोठ्याने वार मोजत होता. आता काहीच नव्हतं. ऊन तसंच होतं, लख्ख, आणि त्या लख्ख उन्हात ओल्या लोकरीचा वास येत होता. समोरची खुर्ची रिकामी होती. पण रिकामी खुर्ची जशी टेबलाखाली ढकललेली असते तशी नव्हती; थोडी बाहेर होती, कोणी बसलं असतं तर जेवढी असती तेवढी.

 तिच्या पायांनी जिन्याकडे जायचं ठरवलं. पण डोळे पटावर होते, आणि डोळ्यांना दिसत होतं की हत्तीची ती चाल चांगली आहे. फार चांगली. तिने सव्वीस वर्षांत या चालीचा विचार केला नव्हता.

चार मिनिटांतलं अर्धं मिनिट गेलं होतं.

"असं का," ती म्हणाली.  तिने खुर्ची ओढली, बसली, आणि घोडा पुढे टाकला. खटका.

या वेळी तिने नजर हलवली नाही. पापणी लवली असेल तेवढीच. काळं प्यादं एक घर पुढे होतं, खटका खाली.

पुढची मिनिटं तिला नंतर नीट सांगता आली नाहीत. एवढंच आठवत होतं की भीती होती, आणि भीतीच्या वर काहीतरी होतं. भट्टीसारखं तापलेलं, आनंदाचं. समोरचा तिच्या आजवरच्या गिऱ्हाइकांसारखा नव्हता. त्याची प्रत्येक खेळी बर्फासारखी थंड आणि अचूक होती, आणि तरी ती टिकून होती. वडिलांच्या तबकडीवरचं, वेळ संपली की पडणारं लाल निशाण काट्याने उचलायला सुरुवात केली. एक मिनिट. चाळीस सेकंद. तिने हत्ती शेवटच्या ओळीत नेला आणि खटका दाबला.

"शह," ती म्हणाली.

काळ्याकडे उत्तर नव्हतं. वकिलांचं घड्याळ टिकटिकत राहिलं. एक मिनिट, दोन, पाच. लोकरीचा वास दाट झाला. मग काळा राजा हलला. पडला नाही, दोन बोटांत धरून जपून ठेवावा तसा तो आवाज न करता आडवा झाला. समोरची खुर्ची मागे सरकली. लाकडी जमिनीवर पावलं वाजली, सावकाश, घाई नसलेल्या माणसाची. ती तिच्या शेजारून गेली, दाराशी गेली, आणि जिना उतरली.

खालची मोटारसायकल सुरू झाली.

ती आधी रडली, मग हसली. बाबा जिंकले होते. एवढंच तिच्या डोक्यात होतं. बिचारा चाळीस वर्षं अडकून पडलेला जीव सुटला, आपण सोडवला, असंही वाटलं. भीती गेली नव्हती, पण अभिमानाने तिला कोपऱ्यात ढकललं होतं.

चिटणीस आले तेव्हा ती शांतपणे सगळ्या चाली कागदावर लिहीत होती. पट पाहून त्यांच्या हातातल्या पत्रिका गळाल्या. "ताई! हे काय केलंत? चाळीस वर्षं कोणी..."

"आधी हे बघा. मग ओरडा."

त्यांनी चष्मा चढवला, कागद घेतला, शेजारच्या टेबलावर चाली मांडू लागले. उंट मागे गेला तिथे ते थांबले. बराच वेळ. मग पुढे गेले, आणि हत्ती सरकला तिथे त्यांनी मान वर केली.

"पांढऱ्याच्या चाली तुमच्या," ते हळू आवाजात म्हणाले. "काळ्याच्या कोणाच्या?"

"तुम्ही सांगा."

"मी त्यांच्याबरोबर दहा वर्षं खेळलोय. अडचणीत आले की ते हत्ती असाच सरकवायचे. दुसरं कोणी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं, कपाळ पुसलं, आणि माणसं घाबरली की करतात तशी थट्टा केली. "म्हणजे आता आमच्या क्लबाच्या नियमाने वकिलांना परतीचा डाव मागता येईल. हरणाऱ्याचा हक्क असतो तो. त्याच दिवशी मागितला तर जिंकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही."

ते हसले. तिला हसू आलं नाही. ती पावलं जिना उतरून गेली होती, हे तिला तेव्हा पहिल्यांदा आठवलं.

घरी येईपर्यंत ती चालत होती की पळत होती कोण जाणे. दुकानाचं शटर अर्ध्यावरच होतं. ती थेट माडीवर गेली. वडील खिडकीशी शाल पांघरून बसले होते. तिचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, तुम्ही जिंकलात," ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. उंट, हत्ती, खटका, खुर्ची. कौतुक होईल असं तिला अजूनही वाटत होतं. बेचाळीस वर्षांची झाली तरी मुलगी ती मुलगीच.

 वडील म्हणाले, "बस इथे." ती बसली. "तुला काय वाटलं, मला तो उंट दिसला नव्हता?"

ती पुढे सरकली.

"मी तेव्हा शहरातला दुसऱ्या नंबरचा खेळाडू होतो. तुझ्या सोळाव्या वर्षी तुला दिसलं ते मला दिसणार नाही? पहिल्याच मिनिटाला दिसलं."

"मग राजा का टाकलात?"

"कारण वकील त्या खेळीच्या आधीच गेले होते." त्यांनी शाल घट्ट ओढली. "विचार करत होते बराच वेळ. मी समोर. सगळे पटाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघत होतो. डोळे उघडे होते पण... कळतं गं समोर बसलेल्याला. मी कोणाला तरी हाक मारणार, तेवढ्यात वजीर सरकला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. मी पाहिलं. दोन्ही."

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. 

"मला वाटलं, मी उंट मागे घेतला तर हा उत्तर देणार. मी जिंकलो तर हा परतीचा डाव मागणार. पुन्हा जिंकलो तर पुन्हा. तू दोन वर्षांची होतीस, तुझी आई घरात वाट बघत होती. मेलेल्या माणसाशी किती डाव खेळणार होतो मी? म्हणून हरलो. हरणाऱ्याचा हक्क माझ्याकडे आला, आणि मी तो वापरला नाही. त्याला बसवून ठेवला तिथे, चाळीस वर्षं. लोक हसले तर हसू देत म्हटलं."

घड्याळवालीला आपल्या हातांकडे बघवेना. आपण वडिलांचं नाव परत आणायला गेलो, आणि त्यांनी नाव देऊन जे विकत घेतलं होतं तेच उधळून आलो. "मला सांगायचं होतंत," ती कशीबशी म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी जाऊन बसली असतीस त्याच्यासमोर. मी ओळखत नाही का तुला?"

खाली दुकानात खट् असा आवाज झाला. लाकडावर लाकूड ठेवल्याचा.

दोघं एकमेकांना धरून जिना उतरले. संध्याकाळचे पाच वाजले होते, अर्ध्या शटरखालून उन्हाचा पट्टा आत आला होता. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती. काउंटरवरच्या पटावर पांढरं प्यादं दोन घरं पुढे आलं होतं. काउंटरच्या बाहेरच्या बाजूचं, गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं स्टूल थोडं मागे ओढलेलं होतं.

या वेळी पांढरे त्याचे. परतीच्या डावात बाजू बदलतात.

ती आपल्या खुर्चीकडे गेली. डाव तिने जिंकला होता, निस्तरायचाही तिनेच. पण वडिलांनी काठी तिच्या आडवी धरली. "सरक. नाव माझं आहे त्या डावावर."

"बाबा, मग बसून लगेच राजा आडवा करा. एक चालही खेळू नका. तुम्ही हरलात की हक्क परत तुमच्याकडे. पुन्हा मागायचा नाही, संपलं."

"तेच करणार आहे." ते खुर्चीत बसले, काठी टेकवली, हात राजावर नेला. चाळीस वर्षांनी बोटांना सोंगटी लागली होती. बोटं तिथेच थांबली. "पण पहिल्याच चालीला कसा टाकायचा? बरं दिसत नाही. समोरच्याचा अपमान होतो. चार चाली होऊ दे."

चार चाली झाल्या. मग आठ झाल्या. पांढऱ्या सोंगट्या तिची पापणी लवताना हलत होत्या, वडील सावकाश उत्तर देत होते. तिने एकदा "बाबा" म्हटलं, त्यांनी हाताने थांबवलं. त्यांचा खोकला थांबला होता. गालांवर रंग आला होता. आईच्या फोटोत शेजारी उभे असलेले वडील तिला आता समोर दिसत होते, ताठ मानेचे, जिंकायची सवय असलेले.

"आता तरी," ती कुजबुजली. "बाबा, राजा..."

"वेड लागलंय का? बघ जरा पट. पांढऱ्याची उजवी बाजू पोकळ झालीय. मी याला खातोय."

तिने पटाकडे बघितलं, बघायला नको होतं तरी. खरंच पोकळ झाली होती. काळ्याचा डाव सुंदर होता. असा डाव माणसाला आयुष्यात एकदा मिळतो, आणि त्यात राजा आडवा करणं म्हणजे... "तुम्ही जिंकलात तर तो पुन्हा मागेल," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"मागू दे की," वडील मजेत म्हणाले. "भितो की काय मी त्याला?"

राजा उचलून आडवा करायला एक क्षण पुरला असता. तिचा हात पोचत होता. तिने तो हात मांडीखाली दाबून ठेवला, कारण तिला घोड्याची एक चाल दिसली होती, आणि ती वडिलांना दिसते का हे तिला बघायचं होतं. ती त्यांच्या शेजारी ओठ घट्ट मिटून, श्वाससुद्धा न घेता बसली.

वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या. पटावरची नजर न काढता त्यांनी एक हात खांद्यावरून मागे उडवला, जिथे फक्त घड्याळांची भिंत होती.

"बघायचं तर गप्प बघा रे सगळे," ते वैतागून म्हणाले. "मागून चाली सुचवू नका. मला दिसलाय घोडा."